नावांचा सातबारा : इंटरनेटवरील पत्त्यांची साठेबाजी, चोरी आणि कायदा

#थ्रेड

१/ १५ मार्च १९८५ रोजी अमेरिकेतील सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने 'सिम्बॉलिक्स.कॉम' हे नाव नोंदवले. '.कॉम' या प्रत्ययाखालील ही पहिली नोंद. अशा नावांना कधी बाजारभाव येईल, त्यांच्यासाठी बनावट कागद रंगवले जातील आणि खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

२/ संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांची व्यवस्था रचली. तिच्यात एक पेच दडलेला होता. एकाच नावाची दोन दुकाने दोन गावांत सुखाने नांदू शकतात, व्यापारचिन्हाचा कायदाही ते मान्य करतो. इंटरनेटवर मात्र 'अमुक.कॉम' साऱ्या जगात एकच असते.

३/ ते कोणाला मिळावे? उत्तर सोपे ठेवले गेले : जो आधी येईल त्याला. मार्च १९९४ च्या 'आरएफसी १५९१' या दस्तऐवजात जॉन पोस्टेल यांनी लिहिले की, डोमेनच्या बाबतीत हक्क आणि मालकी यांची भाषा अप्रस्तुत आहे. विचार करावा तो जबाबदारीचा आणि सेवेचा. नावावरून तंटा झाला, तर नोंदणी कार्यालयाने दोन्ही पक्षांना एकमेकांचा संपर्क द्यावा, इतकेच त्याचे काम.

४/ हा नियम परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगात शोभणारा होता. बाजार आत शिरताच त्याची कसोटी लागली. १९९४ साली पत्रकार जोशुआ क्विटनर यांच्या लक्षात आले की, 'मॅकडोनल्ड्स.कॉम' अजून कोणी घेतलेलेच नाही. कंपनीला विचारूनही तेथे कोणाला त्याचे महत्त्व उमगेना. अखेर त्यांनी ते स्वतःच्याच नावे नोंदवले आणि 'वायर्ड' मासिकात सारी हकिकत लिहिली. पुढे कंपनीने न्यूयॉर्कमधील एका सरकारी शाळेच्या इंटरनेट जोडणीसाठी पैसे दिले, तेव्हा नाव परत केले.

५/ क्विटनर यांचा हेतू डोळे उघडण्याचा होता. इतरांनी त्यात धंदा पाहिला. सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती. त्यानंतर दोन वर्षांना १०० डॉलर. इलिनॉयमधील डेनिस टोपेन यांनी नामांकित कंपन्यांची सुमारे शंभर नावे आपल्याकडे नोंदवली. त्यांत चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजनचेही नाव होते.

६/ 'पॅनाव्हिजन.कॉम' उघडले की काय दिसे? इलिनॉयमधील पॅना नावाच्या गावाची छायाचित्रे! कंपनीने आक्षेप घेताच टोपेन यांनी नाव सोडण्यासाठी १३,००० डॉलर मागितले. कंपनीने नकार दिला, तर त्यांनी तिच्या कॅमेऱ्याचे 'पॅनाफ्लेक्स' हे नावही नोंदवून टाकले. १९९८ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला : व्यापारचिन्ह नाव म्हणून नोंदवून ते मूळ मालकालाच विकू पाहणे, हाच चिन्हाचा व्यापारी वापर होय.

७/ ही झाली साठेबाजी. चोरीचे प्रकरण याहून विलक्षण आहे. १९९४ साली गॅरी क्रेमेन यांनी 'सेक्स.कॉम' हे नाव आपल्या 'ऑनलाइन क्लासिफाइड्स' या व्यवसायासाठी नोंदवले. १९९५ मध्ये नेटवर्क सोल्युशन्स या नोंदणी कंपनीकडे एक पत्र आले : क्रेमेन यांना काढून टाकले आहे, आमच्या संचालक मंडळाने हे नाव सोडले आहे, ते स्टीफन कोहेन यांना द्यावे.

८/ पत्र बनावट होते. ते थेट न पाठवता कोहेन यांच्यामार्फत का पाठवले, याचे कारणही त्यात दिले होते : आमच्या कंपनीकडे इंटरनेटची जोडणी नाही! 'ऑनलाइन' हे बिरुद मिरवणाऱ्या कंपनीकडे इंटरनेट नसावे, याचे कोणालाही नवल वाटले नाही. क्रेमेन यांना साधी विचारणाही न होता फेरफार झाला, आणि कोहेन यांनी त्या नावावर अमाप पैसा कमावला.

९/ नोव्हेंबर २००० मध्ये न्यायालयाने क्रेमेन यांना नाव परत मिळवून दिले. पुढे ६.५ कोटी डॉलरची भरपाईही मंजूर झाली, पण कोहेन मेक्सिकोत पसार झाले होते. २००५ साली ते पकडले गेले.

१०/ खरा प्रश्न वेगळाच होता : दप्तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी काय? २००३ साली अपील न्यायालयाने ठरवले की, डोमेन नाव ही मालमत्ता आहे. ते नोंदवणे म्हणजे जमिनीच्या तुकड्यावर हक्क सांगण्यासारखे आहे. म्हणून ते भलत्याच्या हाती देणाऱ्या कंपनीला जाब विचारता येतो. खोट्या दस्तावरून सातबारा बदलला गेला की काय होते, हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको.

११/ मुंबईतही हा वाद लवकर पोहोचला. 'रेडिफ.कॉम' हे संकेतस्थळ प्रसिद्ध होते, आणि कोणीतरी एका अक्षराच्या फरकाने 'रॅडिफ.कॉम' काढले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, डोमेन नाव हा निव्वळ पत्ता नाही. त्याला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले.

१२/ १९९९ हेच वर्ष जगभर निर्णायक ठरले. अमेरिकेने अशा साठेबाजीविरुद्ध कायदा केला : एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई. नावांचे नियमन करणाऱ्या 'आयकॅन' संस्थेने लवादाची पद्धत आणली. पहिलीच तक्रार कुस्तीच्या जगातून आली. 'वर्ल्डरेसलिंगफेडरेशन.कॉम' हे १०० डॉलरला घेतलेले नाव १,००० डॉलरला विकू पाहणाऱ्याला ते जानेवारी २००० मध्ये गमवावे लागले.

१३/ लबाडी संपली का? तिने वेश बदलला. चुकीची नोंद दुरुस्त करता यावी म्हणून नोंदणीनंतर पाच दिवसांत रद्द केल्यास शुल्क परत मिळे. दलाल लाखो नावे फुकट 'चाखून' पाहू लागले. जाहिरातींतून पैसा देणारी ठेवायची, उरलेली पाचव्या दिवशी टाकून द्यायची. आयकॅनने मर्यादेपलीकडच्या रद्द नोंदींवर शुल्क लावताच जून २००८ ते एप्रिल २००९ या काळात हा प्रकार ९९.७ टक्क्यांनी घटला.

१४/ जानेवारी २००८ मध्ये तर नेटवर्क सोल्युशन्सनेच ग्राहकांनी नुसती चौकशी केलेली नावे चार दिवस आपल्याकडे अडकवून ठेवली. 'दलालांपासून ग्राहकाचे रक्षण' हा तिचा खुलासा. परिणाम मात्र असा की, त्या चार दिवसांत ते नाव दुसऱ्या विक्रेत्याकडे मिळेना.

१५/ कायद्याचे पारडे दुसरीकडेही कलते. २००४ साली कॅनडातील माइक रो या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या 'माइकरोसॉफ्ट.कॉम' या नावावर मायक्रोसॉफ्टने हरकत घेतली आणि मोबदला देऊ केला १० डॉलर. लोकांचा रोष पाहून कंपनीला सौम्य तडजोड करावी लागली. बड्या कंपन्यांनी लहानांची न्याय्य नावे हिसकावू नयेत, म्हणून 'उलटे अपहरण' हा दोषही लवादाच्या नियमांत नोंदलेला आहे.

१६/ पोस्टेल यांना मालकीची भाषा नको होती. क्रेमेन यांना न्याय मिळाला तो त्याच भाषेमुळे. तरीही या इतिहासात नावे हातची गेली ती बहुधा वहीत नोंद करणाऱ्याने एक साधा प्रश्न न विचारल्यामुळे, आणि ज्या जबाबदारीची अपेक्षा पोस्टेल यांनी १९९४ साली केली होती, ती अखेर न्यायालयांना दंडाच्या धाकाने वसूल करावी लागली.