तळटीप : मेंढीचा विषाणू आणि माणसाचे फुप्फुस

* ठाणे-कल्याणकडच्या माळांवर उतरणाऱ्या धनगरांच्या कळपांविषयी लेखकाने इथे जी शंका मांडली आहे – मेंढ्यांतून माणसाला फुप्फुसाचा कर्करोग होतो की काय – तिला थोडा आधार आहे. मेंढ्यांच्या फुप्फुसात ‘जागसिक्ते’ नावाचा रेट्रोव्हायरस कर्करोग निर्माण करतो. त्याच्या बाह्य आवरणातले प्रथिनच पेशींना बेबंद वाढायला लावते, हे विशेष. क्लोन केलेल्या डॉली मेंढीला याच विषाणूमुळे फुप्फुसात गाठी झाल्या आणि १४ फेब्रुवारी २००३ रोजी तिला दयामरण द्यावे लागले. माणसातला एक फुप्फुस-कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली याच्यासारखा दिसतो. २००० साली अशा काही गाठींत या विषाणूशी जुळणाऱ्या प्रथिनाच्या खुणा आढळल्या. पुढे जनुकीय तपासण्यांत मात्र विषाणू हाती लागला नाही. मुंबईनेही असा शोध घेतला आहे. उंदरांत स्तनाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूसारखे कण पारशी स्त्रियांच्या दुधात दिसतात का, हे तपासणाऱ्या १९७१च्या ‘नेचर’मधील निबंधात मुंबईच्या कर्करोग-संशोधिका सत्यवती शिरसाट सहलेखिका होत्या. तोही संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून मेंढपाळांकडे संशयाने पाहणे अन्यायाचे आहे. तंबाखूचा धूर आणि दूषित हवा यांचा दोष मात्र सिद्ध आहे. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर वाचकांनी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये. — संपादक