चार हात जागा

केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास बंगळूर वसविले ते पेठेसाठीच, असे म्हणावयास हरकत नाही. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची. नावांत हा इतिहास अद्याप जिवंत आहे. १६३८ मध्ये ही भरली पेठ शहाजीराजांच्या जहागिरीत आली. मात्र बखरी राजांच्या. टोपली घेऊन बसणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार?

कृष्णराजेंद्र मार्केटाबाहेरची फुलवाली माळ 'मोळा'ने, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मापून देते. (गिऱ्हाइकाने आखूड हाताची फुलवाली टाळावी हे उत्तम!) हात हे तिचे माप, आणि बसण्याची चार हात जागा हे तिचे भांडवल. गिऱ्हाईक तिला नावाने नव्हे, जागेने ओळखते. शंभर पावले पलीकडे हलविले की बांधलेले गिऱ्हाईक तुटते. आपण कचेरीतली मंडळी या धंद्याला 'असंघटित' म्हणतो. पण कोणी कोठे बसावे याचा संकेत तेथे कागदाविना पाळला जातो, आणि तो मोडणे तिला दंडाहून जड जाते.

कायद्याला हे उशिरा उमगले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोदनसिंग खटल्यात रस्त्यावरील विक्री हा व्यवसाय-स्वातंत्र्याचाच भाग मानला. ठरावीक जागेवरचा हक्क मात्र नाकारला. फुलवालीचे सारे भांडण तर त्या ठरावीक जागेचेच! २०१४ च्या अधिनियमाने, पाहणी पुरी होईपर्यंत कोणास उठवू नये व पुढे उठवावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी, असे ठरविले. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडलेले असावे लागतात, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया.