ली-एनफील्ड क्र. ४ मार्क १ (टी)
दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्नायपर रायफल. बोल्ट-ॲक्शन, काडतूस .३०३, मॅगझीन १० गोळ्यांचे, दुर्बीण ३.५ पट.

रचना : नेमाच्या चाचणीत सरस ठरलेल्या नेहमीच्या क्र. ४ रायफली निवडून त्यांवर दुर्बीण चढवीत. पहिल्या सुमारे १,४०० एनफील्डच्या कारखान्यातच झाल्या. १९४२ पासून हे काम लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांकडे गेले. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक रायफली बीएसए या शस्त्रनिर्मात्या कंपनीच्या शर्ली कारखान्यातल्या असत. एकूण संख्येवर एकमत नाही. २३ ते २६ हजार असे आकडे दिले जातात. गाल टेकवण्यासाठी दस्त्यावर लाकडी उंचवटा स्क्रूने बसवलेला असे. दुर्बीण बोल्टच्या वर येत असल्याने चार्जर-क्लिपने पाच गोळ्या एकदम भरता येत नसत. एकेक गोळी भरावी लागे.

दुर्बीण : क्र. ३२, मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली. दृश्यात खालून वर येणारा टोकदार खांब आणि एक आडवी तार दिसते. पल्ल्याची चकती १,००० यार्डांपर्यंत. दुर्बिणीच्या मार्क १ मध्ये ती ५० यार्डांच्या टप्प्यांनी फिरे. मार्क १ व २ चा नेम जुळवायला खास पाना लागे. मार्क ३ मध्ये ही कटकट गेली.

खुणा व क्रमांक : कारखान्यात निवड झाल्याची खूण ‘टीआर’, रूपांतर पूर्ण झाल्यावर डाव्या बाजूस ‘टी’. हॉलंड अँड हॉलंडचा संकेत ‘एस५१’ दस्त्यावर. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर, तर रायफलीचा क्रमांक दुर्बीण रायफलीला जोडणाऱ्या ब्रॅकेटवर ठोकत, कारण प्रत्येक दुर्बीण एकाच रायफलीशी जुळवलेली असे. युद्धानंतर जादा साठा विकताना बऱ्याच जोड्या फुटल्या. त्यामुळे क्रमांक जुळणाऱ्या जोडीला संग्राहकांत मोठी किंमत येते. साध्या क्र. ४ वर जुनी दुर्बीण बसवून केलेल्या नकलाही बाजारात आहेत. दस्त्यावरचा क्रमांक नव्याने ठोकता येतो. म्हणून जाणकार ब्रॅकेट ज्यांवर बसतो ते दोन पोलादी तळ, त्यांचे स्क्रू आणि झाळकाम आधी तपासतात.

कॅनडा : लाँग ब्रँच कारखान्यातही थोड्या तयार झाल्या.

उत्तरकाळ : १९७० पासून सुमारे एक हजार रायफलींना ७.६२ मिमीची जाड नळी बसवून एल४२ए१ ही रायफल करण्यात आली. ती १९८२ च्या फॉकलंड युद्धात वापरली गेली.

भारत : भारतीय सैन्याकडेही ही रायफल होती. ईशापूरच्या कारखान्यात मात्र क्र. ४ नव्हे, आधीची क्र. १ मार्क ३ बनत असे. पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’ प्रामुख्याने तीच. खडकीच्या कारखान्यातील .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ ही खूण आढळते. .३०३ हा प्रतिबंधित बोर असल्याने सर्वसामान्य परवान्यावर ही रायफल बाळगता येत नाही. नागरी वापरासाठी ईशापूरने .३१५ बोरची रायफल काढली.