मुंबई ते जेद्दा : पंधरा दिवसांचे साडेपाच तास

नकाशावर सरळ रेघ ओढली तर मुंबई ते जेद्दा हे अंतर साधारण 3,500 किलोमीटर भरते. विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून सकाळी 8 ला मुंबई सोडणारा यात्रेकरू तिथल्या 11 वाजता उतरतो. वर्गात हे गणित घातले की मुले विचारतात, ‘सर, मग जहाजाला किती लागायचे?’

जहाजाला सरळ रेघ नव्हती. अरबी समुद्र ओलांडायचा, एडनपाशी वळून बाब-अल-मंदबमधून तांबड्या समुद्रात शिरायचे, मग उत्तरेला जेद्दा. सुमारे 2,300 सागरी मैल, म्हणजे 4,260 किलोमीटर. जुन्या जहाजांना बारा ते पंधरा दिवस लागत. एकेकाळी पटकीच्या भीतीने वाटेत कामरान बेटावर क्वारंटाइनसाठी उतरवत, ते दिवस वेगळेच.

त्याआधी मुंबई गाठणे आलेच. शिरूरला आजही रेल्वे नाही. आधी पुणे किंवा दौंड गाठायचे. दौंडहून मुंबई रेल्वेने सुमारे 270 किलोमीटर. मग क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहायची. आज दौंडहून मुंबईच्या विमानतळापर्यंत जितका वेळ जातो, जवळपास तितक्याच वेळात पुढे जेद्दा येते!

एक फरक मात्र घड्याळात दिसत नाही. मक्केला जाणाऱ्याने ठरलेल्या सीमेआधी एहराम बांधायचा असतो. त्या सीमेला मीकात म्हणतात. समुद्रमार्गे जाणाऱ्या हिंदुस्थानींची मीकात यलमलम. जहाज तिच्या समोर येण्याआधी भोंगा वाजे आणि सगळ्या डेकवर ‘लब्बैक’ सुरू होई. विमान ती सीमा काही मिनिटांत मागे टाकते, म्हणून थेट मक्केला जाणारे बरेच जण एहराम मुंबईतच बांधतात. मन तयार व्हायला पंधरा दिवस मिळत, आता विमानतळावरची रांग मिळते.

तरी जहाजाचे दिवस सोन्याचे होते असे म्हणणारे डेकवर झोपलेले नसावेत. दाटी, उलट्या, आजार. वाटेत कोणी वारले तर मयत समुद्राच्या हवाली. म्हणूनच निघणारा माणूस देणी फेडून, वसीयत करून, घरोघरी ‘कहा-सुना माफ’ म्हणत फिरे. परत येण्याची खात्री नसे.

पण डेकचे तिकीट गरिबाला परवडे. 1995 पासून मुंबई-जेद्दा जलप्रवास बंद झाला आणि विमान हाच एक रस्ता उरला. भाड्यावरचे सरकारी अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले. 2018 मध्येच ते बंद झाले. त्याच वर्षी जहाजे पुन्हा सुरू करायला सौदीने होकार दिल्याचे सरकारने जाहीर केले. नवी जहाजे तीन-चार दिवसांत पोहोचतील, असेही सांगितले. शिरूरच्या आमच्या एका वृद्ध शेजाऱ्यांना मी ती बातमी वाचून दाखवली. दिवस किती, हे त्यांनी विचारलेच नाही.

‘मास्तर, डेकचं तिकीट कितीला ठेवलंय?’