प्राणवायूची शिल्लक

१ ऑगस्ट १७७४. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मोठ्या भिंगातून ऊन एकवटून पाऱ्याचे लाल भस्म तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती धरली, तर ती भडकून लखलखली. स्वीडनच्या शील यांना हा वायू त्याआधीच गवसला होता. पुढे लाव्हाझिए यांनी तो मूलद्रव्य असल्याचे दाखवले. आपल्या हवेत तो सुमारे २१ टक्के आहे. पण आला कुठून?

झाडे देतात, हे उत्तर अर्धेच आहे. पान जेवढा प्राणवायू सोडते, जवळपास तेवढाच ते कुजताना परत खपतो. शिल्लक उरते ती न कुजता गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय कार्बनापुरतीच.

ही शिल्लक कधीकधी फुगलीही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलींत जंगलेच्या जंगले गाडली गेली. त्यांचा दगडी कोळसा झाला आणि प्राणवायू आजच्याहून बराच वर चढला. दोन फुटांहून अधिक पंखविस्ताराचा, चतुरासारखा मेगान्युरा त्याच काळातला.

मात्र २४० कोटी वर्षांपलीकडे गेले, की हवेत प्राणवायू जवळजवळ नाहीच. पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खडकांत आहे. तिथल्या प्राचीन नद्यांच्या गाळात पायराइटचे झिजून गोल झालेले कण सापडतात. लोह आणि गंधकाचे हे खनिज आजच्या नदीत इतके वाहत गेले, तर वाटेतच गंजून संपेल.

असेच प्राचीन खडक आपल्या गोव्यातही आहेत. डिचोली भागातले लोहखनिज ज्या पट्टेदार खडकांतून आले, त्यांत लोहाचा गडद थर, मग सिलिकाचा फिका थर, अशी आलटूनपालटून रचना दिसते. तेव्हाच्या समुद्रात लोह विरघळलेले होते. ऑक्सिडीकरण झाले की ते तळाशी बसे. सायनोबॅक्टेरिया सूर्यप्रकाशात पाणी फोडून प्राणवायू सोडू लागले, तेव्हा आधी असले लोह आणि ज्वालामुखींतले वायूच तो गिळत राहिले. हवेत तो साठला, तो हे देणे फिटल्यावर.

त्याही आधी पृथ्वीच्या हवेत मुख्यतः नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होती. शेजारच्या शुक्रावर आजही ९६ टक्के, मंगळावर सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे. शुक्राचे पाणी गेले. मंगळाने बरीचशी हवा अवकाशात गमावली. पृथ्वीवर समुद्र टिकले, त्यांतून कार्बन चुनखडीत बांधला गेला आणि जीवांना वेळ मिळाला.

म्हणूनच १९६५ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी सुचवले, की परग्रहावरच्या जीवांचा माग हवेतच काढावा. प्राणवायू आणि मिथेन एकमेकांना संपवतात. दोन्ही एकत्र भरपूर दिसले, तर कुणीतरी ते सतत भरत असले पाहिजे. आपल्या हवेचा हा साठाही असाच अखंड भरला जातो, आणि त्यामागची शिल्लक कोट्यवधी वर्षांच्या गाडलेल्या जीवांची आहे. कोळसा आणि तेल जाळताना आपण तीच उकरत असतो.