लेकरू उशिरा बोलतंय, अभ्यासात मागं पडतंय? हसनाबाद परिसरातल्या पालकांनी काय करावं, कुठं जावं

हसनाबाद (ता. भोकरदन) : "याचा बाप पण उशिराच बोलला होता, बोलेल हळूहळू." लेकरू दोन-अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नाही, अशी तक्रार आईने केली की घरात हेच उत्तर मिळतं. मग कुणी नजर काढतं, कुणी दोरा बांधून आणतं, कुणी मध चाटवायला सांगतं. वर्ष निघून जातं. पुढे अंगणवाडीत ते लेकरू एकटंच कोपऱ्यात बसतं, शाळेत गेलं की "लक्ष देत नाही" म्हणून शेरा मिळतो आणि शेवटी "ह्याच्या डोक्यातच जात नाही" असा शिक्का बसतो.

खरं तर अशा बहुतेक लेकरांना वेळेवर थेरपी मिळाली तर बराच फरक पडतो. मेंदूची वाढ सर्वात वेगाने पहिल्या दोन-तीन वर्षांत होते, म्हणून या वयातला एकेक महिना मोलाचा असतो. अडचण अशी की थेरपिस्ट जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला आणि लेकरू गावात. रोज जाणं शक्य नाही, एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे कुठली तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते, कुठला कागद कशासाठी लागतो आणि घरी काय करता येतं, हे पालकांना माहीत असायला हवं.

कोणत्या वयात काय यायला हवं?

प्रत्येक लेकराची वाढ थोडी मागेपुढे होते. तरी खालच्या गोष्टी दिसल्या नाहीत तर वाट न पाहता विचारणा करावी.

– २ ते ३ महिने : आईकडे पाहून हसत नाही, मोठ्या आवाजाला दचकत नाही.
– ४ ते ५ महिने : मान धरत नाही.
– ९ ते १० महिने : आधाराशिवाय बसत नाही.
– १ वर्ष : नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही, टाटा करत नाही.
– दीड वर्ष : चालत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, एकही अर्थाचा शब्द बोलत नाही.
– २ वर्षे : "पाणी दे", "आई ये" असे दोन शब्द जोडत नाही.
– कोणत्याही वयात : आधी येत असलेले शब्द किंवा खेळ अचानक बंद झाले.

यातला शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. आलेलं बोलणं गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.

गरोदरपणात मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. ते कार्ड लसीकरणानंतर पेटीत जातं आणि तिथंच राहतं. ते बाहेर काढून पाहावं. लेकरू ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचं असताना आशाताईंनी घरी भेट देणं अपेक्षित असतं. तेव्हा वजनासोबत "हा बघतो का, बसतो का, आवाज देतो का" हेही विचारून घ्यावं.

अडचण कुठली, थेरपी कुठली?

"मतिमंद" हा एकच शब्द गावात सगळ्यांसाठी वापरला जातो. प्रत्यक्षात अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचे उपाय पण वेगळे आहेत.

सेरेब्रल पाल्सी : जन्माच्या वेळी लेकरू न रडणं, कमी दिवसांचं जन्मणं, जन्मानंतरची तीव्र कावीळ अशा कारणांनी मेंदूला इजा होते. हातपाय कडक किंवा फार ढिले राहतात. अशा लेकराची बुद्धी चांगली असू शकते. इथे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी लागते.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता : नजरेला नजर न देणं, हाकेला ओ न देणं, एकच हालचाल किंवा शब्द पुन्हा पुन्हा करणं, ठराविक गोष्टीतच रमणं. इथे वर्तन थेरपी, स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी यांचा मेळ घालावा लागतो. आई-बापाने लाड केले किंवा लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम होत नाही.

बौद्धिक दिव्यांगता : सगळ्याच गोष्टी वयाच्या मानाने उशिरा शिकणं. विशेष शिक्षण आणि रोजच्या कामांचं टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण यांचा उपयोग होतो.

विशिष्ट अध्ययन अक्षमता : लेकरू बोलायला, खेळायला, व्यवहाराला हुशार, पण वाचन, लेखन किंवा गणितात अडकतं. अक्षरं उलटी काढतं, फळ्यावरचं उतरवताना शब्द गाळतं. २००७ साली आलेल्या 'तारे जमीन पर' चित्रपटातल्या मुलाची अडचण हीच होती. याला औषध नाही. शिकवण्याची पद्धत बदलावी लागते.

अतिचंचलता : एका जागी न बसणं, काम अर्धवट सोडणं. यात वर्तन थेरपी आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध.

न बोलणाऱ्या प्रत्येक लेकराची सर्वात आधी कानाची तपासणी करावी. ऐकूच येत नसेल तर बोलणं येणार कसं? लहान बाळाची श्रवण तपासणी बेरा नावाच्या चाचणीने, झोपेत असतानाही होते.

पहिली पायरी : अंगणवाडी आणि आरोग्य पथक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्याची देशातली सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी यात होते. डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका यांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी ते पाहतात.

होतं असं की पथक येतं त्या दिवशी नेमकं ते लेकरू आईसोबत कापूस वेचायला शेतात असतं. म्हणून पथक कधी येणार हे अंगणवाडी ताईंना आधीच विचारून ठेवावं आणि त्या दिवशी एका पालकाने लेकराजवळ थांबावं. शंभर लेकरांच्या रांगेत पथकाला एका लेकरासाठी फार वेळ मिळत नाही. काय खटकतं ते आईनेच सांगितलं पाहिजे. घरी मोबाईलवर काढलेला एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवला तर डॉक्टरांना पटकन कळतं.

पथकाची तारीख दूर असेल तर थांबू नये. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय इथून चिठ्ठी घेऊन जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात जाता येतं. पुढील तपासणी आणि थेरपीसाठी या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय ठेवलेली आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, वाचा व श्रवण तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत, अशी त्याची रचना आहे. कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी बसतो हे आशाताई किंवा पथकाकडून फोनवर विचारून मगच निघावं. मोठ्या तपासण्यांसाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय आहे. बौद्धिक दिव्यांगतेसाठीची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला १९८४ पासून काम करते. जालन्याहून तिकडे थेट रेल्वेमार्ग आहे.

शाळेत गेल्यावर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता, वाचा व भाषा दोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात आहेत. अतिचंचलता मात्र या यादीत स्वतंत्र नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्याकडे असं मूल नको" असं म्हणून सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

समग्र शिक्षा अभियानात तालुक्याच्या गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाचं काम चालतं. विशेष शिक्षकाची भेट, शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलाला घरी शिक्षण, प्रवास व मदतनीस भत्ता, साहित्य आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता अशा सोयी यात आहेत. त्यासाठी शाळेच्या नोंदीत मुलाचं नाव "विशेष गरजा असलेले" म्हणून लागलेलं असावं. काही पालक लाजेपोटी हे नाव लावू देत नाहीत आणि मूल सगळ्या सवलतींना मुकतं.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं. ते असलं की दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती घेता येतात. अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून दहावीचा फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबू नये. आठवी-नववीतच कागद तयार ठेवावेत.

कागदपत्रं आणि मदत

यूडीआयडी कार्ड : दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो. आपलं सरकार सेवा केंद्रातून किंवा स्वतःच्या मोबाईलवरूनही तो भरता येतो. आधार, फोटो, रहिवासाचा पुरावा आणि उपचाराचे कागद जवळ ठेवावेत. त्यानंतर रुग्णालयात तपासणी होते. लहान मुलांचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठराविक मुदतीचं असतं, मुदत संपण्याआधी पुन्हा तपासणी करावी.

निरामय आरोग्य विमा : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ही योजना आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत बसतो. प्रत्येक पावती जपून ठेवावी.

एसटी सवलत : ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. थेरपीच्या फेऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे.

ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी : ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

संजय गांधी निराधार योजना : उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या कुटुंबांसाठी. अर्ज तहसील कार्यालयात.

दाद कुठं मागायची? प्रवेश नाकारला किंवा हक्क डावलला तर आधी गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषद आणि त्यानंतर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय.

घर हीच थेरपीची जागा

महिन्यातून एक-दोनदा शहरात जाऊन तासभर थेरपी घेतली आणि बाकी दिवस काहीच केलं नाही, तर उपयोग होत नाही. शहरातल्या थेरपिस्टकडून पालकांनी शिकून यायचं आणि घरी रोज करायचं, हाच गावातल्या माणसाला परवडणारा मार्ग आहे. प्रत्येक भेटीत तीनच गोष्टी विचाराव्यात : घरी रोज काय करू, किती वेळ करू आणि काय करू नको? थेरपिस्ट करून दाखवत असताना परवानगी घेऊन त्याचा व्हिडिओ काढावा, म्हणजे आजी आणि मोठी बहीणही तेच करू शकतात.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. पीठ मळताना लेकराच्या हातात गोळा द्यावा, बोटांची ताकद वाढते. मक्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावावेत, फक्त मोठ्या माणसाने समोर बसावं, कारण लहान लेकरू दाणे नाकात-तोंडात घालतं. अंघोळ घालताना "हात, पाय, पाणी, गरम" असे शब्द पुन्हा पुन्हा बोलावेत. हवी ती वस्तू लगेच हातात देऊ नये. त्याने बोट दाखवेपर्यंत किंवा आवाज करेपर्यंत थोडं थांबावं आणि त्याने प्रयत्न केला की लगेच द्यावी, शाबासकीही द्यावी.

एक गोष्ट मात्र कमी करावी लागेल, ती म्हणजे मोबाईल. दोन वर्षांखालच्या लेकराला स्क्रीन देऊच नये. मोबाईल लेकराशी बोलतो, पण त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही. बोलणं शिकायला समोर माणूस लागतो.

फसवणुकीपासून सावध

"तीन महिन्यांत ऑटिझम पूर्ण बरा" असं सांगणाऱ्यापासून लांब राहावं. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचार शिफारस केलेले नाहीत, त्यासाठी जमीन गहाण टाकू नये. विशेष शिक्षक आणि वाचा तज्ज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कमीपणा नाही. थेरपीच्या नावाखाली मुलाला मारणं किंवा बांधून ठेवणं ही थेरपी नव्हे.

आणि शेवटी आईबद्दल. असं लेकरू जन्मलं की बोल तिलाच लावला जातो आणि दवाखान्याच्या चकराही तीच मारते. बापाने महिन्यातून एक फेरी केली, आजीने रोज अर्धा तास लेकराशी खेळलं, तर त्या आईला दम घ्यायला वेळ मिळेल. तिला झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल तर १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

तुमच्या गल्लीत असं एखादं लेकरू असेल तर त्याच्या घरी हे वाचून दाखवा. अंगणवाडीची पुढची तपासणी कधी आहे, एवढं जरी आज विचारलं तरी सुरुवात झाली.