जुळणी म्हणजे समता नव्हे

घरीं संगीताची यंत्रें बाळगणाऱ्या रसिकांत ‘जुळणी’ हा शब्द वारंवार ऐकूं येतो. प्रीॲम्प्लिफायर म्हणजे पूर्वप्रवर्धक, व त्यापुढील शक्तिप्रवर्धक, या दोहोंचा विद्युद्विरोध सारखा असला कीं जुळणी झाली, अशी अनेकांची समजूत आहे. ती निराधार नाहीं. पण दुसऱ्या क्षेत्रांतून आलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

१८४० च्या सुमारास याकोबी या शास्त्रज्ञानें एक नियम सांगितला. देणाऱ्याचा विरोध ठरलेला असतां घेणाऱ्याचा विरोध तितकाच ठेवल्यास अधिकांत अधिक शक्ति पोंचते. टेलिफोनच्या लांब तारांवर क्षीण शक्ति वांचविणें अवश्य होतें. तेथें ही समता योग्यच होती, व ६०० ओहमचें परिमाण रूढ झालें.

घरांतील प्रश्न निराळा होता. १९४७ सालीं विल्यमसन यांनीं ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत आपल्या प्रवर्धकाची योजना प्रसिद्ध केली. १५ वॅट शक्तीसाठीं त्यास सुमारें दोन व्होल्ट दाब लागे; चुंबकी पिकअपकडून तर कांहीं मिलिव्होल्टच मिळत. म्हणून मध्यें पूर्वप्रवर्धक आला. येथें पोंचवावयाचा होता तो दाब, शक्ति नव्हे.

१९५३ च्या ‘क्वाड टू’ मध्यें दोन्ही भाग एकाच कारखान्याचे असत. पूर्वप्रवर्धकास वीजहि शक्तिप्रवर्धकाकडूनच मिळे. जुळणीची चिंता कारखानदाराची होती. पुढें ट्रान्झिस्टर आले. १९६७ सालचा त्याच कारखान्याचा ‘३३’ हा पूर्वप्रवर्धक अर्धा व्होल्ट देई, तर जुन्या ‘क्वाड टू’ ची मागणी १.४ व्होल्टची. एकाच घराण्यांतील दोन पिढ्यांचें जेथें जमेना, तेथें परक्यांची काय कथा!

विरोधाचेंहि तसेंच. व्हॉल्व्हच्या पूर्वप्रवर्धकाचा विरोध १० हजार ओहम असून पुढील यंत्राचाहि तितकाच असेल, तर ‘समता’ साधते. पण निम्मा दाब वाटेंतच जातो. शिवाय बाहेर पडण्याच्या वाटेवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला, तर पुढील विरोध १० लक्ष ओहम असतां दोन हर्ट्झच्याहि खालपर्यंतचे स्वर सुखरूप जातात. तो १० हजारच असतां सुमारें ८० हर्ट्झपासूनच खालचे स्वर क्षीण होऊं लागतात. डग्ग्याचा घुमारा हरपतो, आणि श्रोता बिचारा ध्वनिमुद्रिकेस दोष देतो.

सारांश, घेणाऱ्याचा विरोध देणाऱ्याच्या निदान दसपट असावा, आणि देणाऱ्याचा दाब घेणाऱ्याच्या मागणीस पुरावा. जुना नियम खोटा नव्हे. तो कोणत्या कामासाठीं निघाला हें विसरलें, एवढाच आपला दोष.